बॅटरीत मीठ घालू नका : फिरत्या ‘सहा उपायां’ना उत्तर

‘पावसाळ्यात स्कूटरची बॅटरी वाचवण्याचे सहा घरगुती उपाय’ या मथळ्याचा एक संदेश गेल्या महिन्याभरात आमच्या मालवण-देवगडकडच्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर फिरला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सोडून दिला. तोच संदेश माझ्या थोरल्या काकांपर्यंत, म्हणजे आमच्या तात्यांपर्यंत, पोहोचला आणि त्यांनी तो जसाच्या तसा पाळला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. तात्यांचे वय ७१. ते गावी एकटे राहतात, आणि बाजार, पोस्ट, दवाखाना ही त्यांची सगळी कामे एका जुन्या स्कूटरवर चालतात. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांना किक मारता येत नाही, त्यामुळे सेल्फ लागला नाही तर स्कूटर जागची हलत नाही. दवाखान्यातून परतताना भर पावसात नेमके तेच झाले. मी गेलो तेव्हा बॅटरी साडेनऊ व्होल्टही दाखवत नव्हती. काय केले होते असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, “अरे, ग्रुपार इला, म्हणान केलंय.”

संदेशातले सहा उपाय असे आहेत : बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नये, कारण जमीन करंट ओढून घेते, पाणी कमी झाले की प्रत्येक कप्प्यात चिमूटभर मीठ घालून वर पावसाचे पाणी भरावे, महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवून मग चार्ज करावी, घाई असेल तर ती चारचाकीच्या चार्जरला लावून रात्रभर ठेवावी, गाडी वापरात नसेल तर रोज दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करावे, आणि टर्मिनलना व्हॅसलीन लावावे.

यातला दुसरा उपाय सर्वांत घातक आहे आणि तात्यांची बॅटरी त्यानेच मेली, म्हणून आधी त्याकडे वळतो.

स्कूटरच्या नेहमीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या व पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. फ्रान्सच्या गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये ही जात प्रथम तयार केली आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. त्या आम्लात साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पडले की क्लोराइड मोकळे होते, धन पट्ट्यांवरच्या शिशाच्या डायऑक्साइडशी त्याची क्रिया होऊन क्लोरीन वायू सुटतो आणि पट्टीची जाळी झिजू लागते. मीठ घातल्यानंतर बॅटरी चार्जिंगला लावली तेव्हा पडवीत “विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर येतो तसो वास” आला होता, असे तात्यांनी मला सांगितले. तो वास क्लोरीनचा होता, आणि ज्या जागी एक वयस्कर माणूस रात्री झोपतो त्या जागी तो पसरला होता. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी लक्षात घ्यावे.

हा उपाय आला कुठून, याचाही मी विचार केला. परदेशात जुनी बॅटरी ‘जिवंत’ करण्यासाठी एप्सम सॉल्ट घालण्याची एक जुनी युक्ती सांगतात. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात क्लोराइड नसते, त्यामुळे ते साध्या मिठाइतके घातक नाही, एवढे मी मान्य करतो. परंतु उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिल्याने पट्ट्यांवर जो टणक सल्फेटचा थर बसतो, तो काढून टाकण्याची ताकद त्यातही नाही. कोणीतरी ‘सॉल्ट’चे भाषांतर ‘मीठ’ असे केले असावे, आणि पुढे ते मिठाच्या बरणीपर्यंत पोहोचले असावे, असा माझा अंदाज आहे. एकदा पडलेले मीठ धुऊन काढता येत नाही. आम्लात मिसळलेले क्लोराइड तिथेच राहते आणि आपले काम करत राहते.

आता पावसाच्या पाण्याविषयी. पावसाचे पाणी वाफेतून आलेले असते, म्हणून ते डिस्टिल्ड वॉटरसारखेच, हा युक्तिवाद वरवर पाहता खरा वाटतो आणि त्यात अर्धे तथ्य आहेही. मात्र किनाऱ्यावरच्या पावसात समुद्रावरून वाऱ्याने आलेले मीठ मिसळलेले असते, आणि आपण जे पाणी भांड्यात धरतो ते सरळ ढगातून नव्हे, तर कौलांवरून किंवा गंजलेल्या पत्र्यावरून पागोळ्यांनी उतरलेले असते. विहिरीचे पाणी तर त्याहून वाईट. खाडीकाठच्या विहिरी मचूळ असतात, आणि जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर असते. आम्लात विरघळलेले लोह धन पट्टीपाशी एक रूप घेते, ऋण पट्टीपाशी दुसरे, आणि या येरझाऱ्यांत गाडी उभी असतानाही बॅटरी आतल्या आत उतरत राहते. बॅटरीच्या पाण्यासाठी आपल्या देशात स्वतंत्र भारतीय मानक आहे. आयएस १०६९ या क्रमांकाच्या त्या मानकात पाण्यातल्या अशुद्धींवर मर्यादा घातल्या आहेत, आणि त्यांत क्लोराइड व लोह ही दोन्ही नावे आहेत. ज्या दोन गोष्टी मानकाने मोजूनमापून रोखल्या, त्यांतली एक या संदेशाने चिमटीने घालायला सांगितली आणि दुसरी पत्र्यावरून धरून आणायला सांगितली. डिस्टिल्ड वॉटरची बाटली कुठल्याही बॅटरीवाल्याकडे आणि बहुतेक पेट्रोल पंपांवर थोडक्या पैशांत मिळते.

पाणी भरायचे तेही कवचावरच्या वरच्या रेषेपर्यंतच. कमी होते ते पाणी. आम्ल आतच राहते, त्यामुळे वरून आम्ल ओतण्याचे कारण नाही. आणि ज्यांच्या स्कूटरला सीलबंद, मेंटेनन्स-फ्री बॅटरी आहे, त्यांनी वरची पट्टी उचकटून काहीही भरू नये. त्या बॅटरीत तयार होणारे वायू पुन्हा पाण्यात रूपांतरित व्हावेत अशीच रचना असते आणि झाकण मोडले की ती रचनाच मोडते.

सिमेंटच्या जमिनीची गोष्ट एकेकाळी लाकडी पेटीतल्या बॅटऱ्यांच्या बाबतीत अर्थपूर्ण असेल. आजचे प्लास्टिकचे कवच जमिनीला करंट जाऊ देत नाही, तेव्हा बॅटरी खुशाल जमिनीवर ठेवावी. पूर्ण उतरवून चार्ज करण्याची सवय निकेल-कॅडमियमच्या जुन्या सेलवरून आली आहे. शिशाच्या बॅटरीला ती मारक आहे, कारण टणक सल्फेट धरतो तो उतरलेल्या अवस्थेतच. काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.४ च्या खाली आली की चार्जिंगला लावावी. वाट पाहू नये.

चारचाकीच्या चार्जरचे मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण त्यात घराला धोका आहे. स्कूटरची बॅटरी साधारण ५ अँपिअर-तासांची असते आणि तिला क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे अर्धा अँपिअर, प्रवाहाने दहाबारा तास चार्ज करणे योग्य. चारचाकीचा साधा चार्जर त्याच्या कितीतरी पट प्रवाह सोडतो. त्याने बॅटरी तापते, सीलबंद असेल तर फुगते, आणि आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन साचला तरी तो एका ठिणगीने पेटू शकतो. पावसामुळे दारे-खिडक्या बंद, कोपऱ्यात चूल किंवा देवापुढे समई, आणि शेजारी रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी, हे चित्र कोकणातल्या घरात सहज शक्य आहे. चार्जिंग उघड्या पडवीत, दिवसा, जागे असताना आणि दुचाकीच्या चार्जरनेच करावे.

रोज दोन मिनिटे इंजिन चालू करण्याने उलट तोटा होतो. सेल्फ मारताना बॅटरीतून एका झटक्यात मोठा प्रवाह जातो आणि मंद चालणारे इंजिन दोन मिनिटांत तो भरून देत नाही; शिवाय एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तोही आपला वाटा घेतो. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारणे हा खरा उपाय आहे. मे महिन्यात आलेले चाकरमानी स्कूटर खळ्यात झाकून मुंबईला जातात आणि थेट गणपतीला परततात. त्यांनी जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण वायर आधी आणि धन वायर नंतर सोडवावी, आणि महिन्यातून एकदा कोणाकडून तरी ती चार्ज करून घ्यावी.

व्हॅसलीनचा उपाय तेवढा बरोबर आहे, आणि खाऱ्या वाऱ्याच्या आपल्या पट्ट्यात तो आवश्यकही आहे. फक्त टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, ते कप्प्यात न जाऊ देता, धुऊन आणि कोरडी करून, वायर घट्ट आवळल्यानंतर वरून लावावे.

तात्यांची जुनी बॅटरी मी दुकानात परत दिली. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती कचऱ्यात टाकता येत नाही, आणि दुकानदाराने तिच्या शिशाचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वळते केले. नव्या बॅटरीबरोबर डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली आणि अर्ध्या अँपिअरचा चार्जर तात्यांच्या कपाटात ठेवून आलो आहे. तो संदेश त्यांच्या गटावर ज्यांनी टाकला, त्यांनाही हे सगळे लिहून पाठवले आहे.