छियानथांगच्या लाटेला त्सुनामी म्हणणाऱ्यांसाठी

नदीभर आडवी पसरलेली पांढरी भिंत, बांधावर आपटून उडालेलं गढूळ पाणी आणि जीव घेऊन पळणारी माणसं. हा व्हिडिओ अधूनमधून फॅमिली ग्रुपवर उगवतो आणि खालचा मजकूरही ठरलेला असतो: ‘चीनमध्ये त्सुनामी! समुद्र नदीत उलटा घुसला. चंद्र पृथ्वीच्या सर्वात जवळ येतो त्या दिवशी, वर्षातून एकदाच हे घडतं. हवामानबदलामुळे हे नव्यानं सुरू झालंय, पुढचा नंबर मुंबईचा!’ व्हिडिओ खरा आहे, नदी हांगचौची छियानथांग. मजकुरात मात्र ‘चीन’ आणि ‘समुद्र नदीत घुसला’ एवढंच खरं.

त्सुनामीपासून सुरुवात करू. तिला समुद्रतळ हलावा लागतो: भूकंप, भूस्खलन किंवा ज्वालामुखी. इथं यातलं काहीच नसतं. ही नेहमीचीच भरती, पण कोंडीत सापडलेली. हांगचौचा उपसागर तोंडाशी सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे. आत जाता जाता तो काही किलोमीटरवर येतो आणि तळाशी गाळाचा भला मोठा उंचवटा लागतो. अशा उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो. १० मीटर खोलीत ताशी साधारण ३६ किलोमीटर, अडीच मीटरमध्ये त्याच्या निम्मा, १८. त्यामुळे भरतीची पुढची कड रेंगाळते आणि मागचं पाणी, त्याला जास्त खोली मिळाल्यामुळे, तिला येऊन गाठतं. संध्याकाळी दादरच्या पुलावर जिन्याच्या तोंडाशी पुढचे अडखळतात आणि मागचे येतच राहतात, तसं. वरून नदीचा प्रवाह विरुद्ध दिशेनं रेटत असतोच. कड उभी होत होत शेवटी भिंत बनते. यालाच टायडल बोअर म्हणतात.

काठावर उभं राहिलं की आधी आवाज येतो, मग दूरवर पांढरी रेघ दिसते. भिंत पुढे निघून गेली तरी पाणी ओसरत नाही, पातळी चढतच राहते आणि नदी काही काळ उलटी वाहते. खऱ्या त्सुनामीचं पाणी नदीत शिरलं तरी अशी भिंत होऊ शकते, २०११ मध्ये जपानच्या नद्यांत ती झालीही. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून गफलत होते हे मान्य. पण त्सुनामीची तारीख कोणी आधी सांगू शकत नाही. छियानथांगच्या भरतीचं वेळापत्रक इ.स. १०५६ मध्येच तयार झालं होतं, तेही बघायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी!

मग माणसं पळतात का? कारण ती ठरवून बघायला आलेली असतात आणि नको तितकी जवळ उभी राहतात. नदीकाठच्या लाओयानत्सांग या ठिकाणी लाट बांधावर आदळून उलटी उसळते. व्हायरल दृश्यं बहुधा असल्याच जागांची. २०१३ च्या ऑगस्टमध्ये वादळाचा जोर मिळून पाणी कठड्यावरून आलं आणि बरेच प्रेक्षक जखमी झाले.

आता चंद्र. चिनी आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी तिथं जत्रा भरते, म्हणून ‘वर्षातून एकदाच’ ही समजूत. लहानमोठी लाट तिथं वर्षभर येते, अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाला मोठी, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, किरकोळ. जत्रेचा तो दिवस बहुतेक वर्षी आपल्या पितृपक्षात, वद्य द्वितीया-तृतीयेच्या आसपास पडतो. पौर्णिमेला न पडता दोन-तीन दिवसांनी का? कारण उधाणाचा कळस तिथीच्या मागून येतो. हे आपल्याकडच्या कोळ्यांना कोणी शिकवायला नको. आणि भाद्रपदच का? शरद संपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा सप्टेंबरमधला काळ, जवळ असतो, सूर्य आणि चंद्र दोघंही विषुववृत्ताच्या आसपास असतात, त्यांची ओढ एकत्र येते. चंद्र पृथ्वीच्या सर्वात जवळ येतो तो दर साडेसत्तावीस दिवसांनी. त्या चक्राचा तिथीशी संबंध नाही. कधी जुळतं, कधी नाही.

‘नव्यानं सुरू झालंय’ यावर फार बोलायला नको. हांगचौचा ‘लिउहे’ पॅगोडा ९७० मध्ये याच लाटेला शांत करायला बांधला. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं भडोचजवळच्या भरतीच्या गर्जनेचं वर्णन करून ठेवलंय. कोलकात्यात हुगळीवर ‘बान’ येतो तेव्हा घाटावरच्या होड्या आधीच मधल्या पाण्यात नेतात.

राहिली मुंबई. पालिका पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी दरवर्षी जाहीर करते, ते योग्यच आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की शहर तुंबतं. पण भिंत उभी राहायला नुसती मोठी भरती पुरत नाही. निमुळतं तोंड, उथळ तळ आणि लांबवर आत गेलेली नदी लागते. छियानथांगच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक ८ मीटरच्या पुढे जातो, मुंबईत तो मोठ्या उधाणालाही ५ मीटरच्या आसपास, आणि दक्षिणेला रत्नागिरी, गोव्याकडे आणखी कमी. खंबातच्या आखाताबद्दल म्हणाल तर तिथं ही शक्यता खरीच आहे, भावनगरला फरक १० मीटरच्या वर जातो.

माणसाच्या हस्तक्षेपानं या लाटा वाढतात म्हणणाऱ्यांनी सीन नदीही बघावी. फ्रान्समध्ये जहाजांसाठी तिचा तळ उपसला, काठ बांधले आणि १९६० च्या दशकात तिथली प्रसिद्ध लाट जवळपास नाहीशी झाली. कॅनडातल्या पेटिकोडियाक नदीवर १९६८ मध्ये बांध घातल्यावर लाट खुजी झाली; २०१० मध्ये दारं उघडली आणि ती परत आली.