ढेकूण होतेच, पण माझा मुद्दा मुक्कामाचा होता

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की जुन्या थेटरांच्या आठवणी म्हणजे नुसता गहिवर, तिथे ढेकूण होते, मुतारीचा वास आतपर्यंत यायचा, तिकिटं ब्लॅकवाल्यांच्या खिशात आणि केबिनमध्ये मशीनवर पिक्चर चालवणारे ऑपरेटर झोपा काढायचे, आता एसीत आरामात पिक्चर बघायला मिळतो तर रडायचं कशाला. ढेकूण, वास, ब्लॅक सगळं मान्य, मीही ते भोगलंय. पण मी खुर्च्यांचं कौतुक केलंच नव्हतं हो, मी लिहिलं होतं ते पिक्चरच्या मुक्कामाबद्दल, म्हणजे एकाच थेटरात तो किती काळ टिकायचा त्याबद्दल.

‘संत तुकाराम’ १९३६ साली गिरगावात सेंट्रल थेटरला लागला आणि वर्षाहून जास्त तिथेच चालला. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला, धंद्यातली माणसं पडला पडला म्हणत होती, मग बघून आलेल्यांनी शेजारपाजारी सांगितलं, डायलॉग पोरासोरांच्या तोंडी बसले आणि मुंबईच्या मिनर्व्हा थेटरातून तो पाच वर्षं हलला नाही. ही सांगोवांगी पसरायला वेळ लागतो आणि तो वेळ ती थेटरं द्यायची. आता शुक्रवारी लागलेल्या पिक्चरचा सोमवारी निकाल, त्यात मराठी असेल तर शो सकाळी नऊचा नाहीतर रात्री उशिराचा, नोकरी करणाऱ्यानं बघायचा कधी? लालबागच्या भारतमाता थेटरला गिरणीतली पाळी सुटली की कामगार थेट मराठी पिक्चरला येऊन बसायचे, त्यांच्या खिशाला ते तिकीट परवडायचं. मल्टिप्लेक्सवाल्यांना मात्र प्राइम टाइमला मराठी दाखवा म्हणून २०१५ साली सरकारला सांगावं लागलं.

आधी सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाहीये. दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला १९७१ साली दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, शिवसेना मधे पडली तेव्हा तो लागला. पण एकदा लागल्यावर लोकांनी तो उचलून धरला, पंचवीस आठवड्यांची सिल्व्हर ज्युबिली झाली. भांडण आत शिरण्यासाठी होतं, आत गेल्यावर टिकायला संधी होती, आता तीच राहिली नाही आणि मला राग त्याचाच येतो.

आणि ऑपरेटरबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही. केबिनमध्ये दोन मशीन असायची, एक मोठं रीळ साधारण वीस मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकायचा, तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं आणि काही सेकंदांनी पुन्हा ठिपका आला की त्या क्षणी बदली करायची, खाली बसलेल्या शेकडो माणसांना कळताही कामा नये. शिवाय मशीनमध्ये उजेडासाठी पेटवलेल्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड व्हायच्या, त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळायचं नाहीतर पडद्यावरचा उजेड मंद व्हायचा, आणि हे सगळं त्या भट्टीसारख्या तापलेल्या खोलीत उभं राहून. रीळ तुटलं की आम्हीही शिट्ट्या मारल्यात, आरडाओरडा केलाय. पण ज्या माणसाला दर वीस मिनिटांनी त्या ठिपक्यावर नजर ठेवून उभं राहावं लागायचं तो झोपा कधी काढणार, सांगा बरं?