एक जादा अक्षर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘रोज एक कविता म्हणजे जिलब्या पाडणं झालं. कविता सुचावी लागते. परवाच्या अभंगात तर अक्षरंही चुकलीत. आधी वाचा, कच्चं लोकांपुढे कशाला ठेवता?’ असं तुम्ही लिहिलंत.

अक्षरांचं आधी. तुमचं बरोबर आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. माझा तिसरा चरण होता ‘पाण्यावरती तारा’, म्हणजे सात. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर लिहिला तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. तुमचं वाचून मांडीवर ठेका धरून म्हणून बघितला आणि ‘ती’वर जीभ अडखळली. आता असा केलाय:

तलावाच्या काठी
थकलेला वारा
पाण्यावर तारा
हले थोडा

वहीत राहिला असता तर ते ‘ती’ तिथंच राहिलं असतं. म्हणून तर पुढे ठेवते, सर.

सुचण्याचं मात्र मला पटत नाही. सुचायची वाट बघण्यात माझी पाच वर्षं गेली, कविता झाल्या नऊ. आता ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडते आणि बसायला मिळालं की मुलुंड ते कुर्ला मोबाइलवर लिहिते. बरेचदा हाती काही लागत नाही. पण गेल्या आठवड्यात दारातल्या एका बाईंनी साडी भिजू नये म्हणून ओली छत्री बाहेर धरली होती, आणि तिच्या टोकावरचे थेंब वाऱ्याने मागे मागे उडत होते. रोज लिहायची सवय नसती तर माझं तिकडे लक्षही गेलं नसतं.

जात्यावरच्या ओव्या रोजच्या दळणाबरोबरच आल्या ना? बहिणाबाई चौधरींनी शेतातली, घरातली कामं करता करता गाणी रचली. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली. त्या १९५१ साली गेल्या, संग्रह आला १९५२ मध्ये. त्यांच्या पायाशी बसायचीही माझी लायकी नाही, पण कवितेसाठी कामातून वेगळा मुहूर्त काढावा लागतो हे त्यांची गाणी वाचल्यापासून मी मानत नाही.

वाचायचा सल्ला मनापासून घेतला. १८९३ सालचं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच असताना सबब सांगायला तोंड नाही.

उद्याही अभंगच टाकणार आहे. अक्षरं मोजाल?