तो माईक आधी खाली ठेवा

आज सकाळी पोराची लिटल लीगची, म्हणजे इथल्या लहान मुलांच्या बेसबॉलची, मॅच होती. आता संध्याकाळचे सात वाजलेत, आमटी गॅसवर आहे आणि डोकं अजून शांत होत नाही, म्हणून आधी हे आपल्या ग्रुपवर लिहून काढते.

अकरा-बारा वर्षांची पोरं आहेत ही. आमच्या टीमने या सीझनला अजून एकही मॅच जिंकलेली नाही. आज तिसऱ्या इनिंगमध्ये एक उंच उडालेला चेंडू लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, माझ्या लेकाच्या ग्लव्हमध्ये आला आणि सुटला. दोन रन गेले. इनिंग संपल्यावर, ज्या गृहस्थांनी टीमच्या जर्सीचे पैसे दिलेत, ते तरातरा अनाउन्सरच्या टेबलाशी गेले. तिथे बसलेल्या कॉलेजातल्या मुलीच्या हातून त्यांनी माईक घेतला आणि सगळ्या आईबापांसमोर सुरू झाले. मी पैसे घातलेत, हे असलं बघायला घातले नाहीत, लेफ्ट फील्डला तर कुणीतरी झोपलंच आहे, वगैरे वगैरे.

चार-पाच जण हसले.

माझ्या लेकाने टोपी काढून हातात धरली आणि तो टोपीच्या आत बघत बसला. मला त्या गृहस्थांपेक्षा त्या हसणाऱ्यांचा जास्त राग आला. कारण ते हसू मी आधी ऐकलंय. इचलकरंजीत, पाचवीत असताना, खंडेनवमीच्या दिवशी.

माझे वडील, अण्णा, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बंद पडला की दुरुस्त करायचा, ही त्यांची नोकरी. खंडेनवमीला सगळे माग धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा असायची आणि कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं असायचं. आम्ही नवे कपडे घालून गेलो होतो. मालकांनी त्या वर्षी भाड्याने लाऊडस्पीकर आणला होता. आरती झाली आणि त्यांनी माईक हातात घेतला. मला वाटलं, बक्षीस-बिक्षीस असेल. तर म्हणाले, आमचा माल परत आलाय, का माहीत आहे का, कारण या पाळीला माणसं नाहीत, बैलं आहेत. आणि बोट अण्णांकडे. आमच्याकडे बघून म्हणाले, विचारा घरी गेल्यावर, रात्रपाळीला झोपता का म्हणून.

लोक हसले. अण्णांच्या शेजारी रोज माग चालवणारे लोकही हसले. अण्णांच्या हातात प्रसादाचा द्रोण होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. आईने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

आज माझ्या शेजारी बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचा नातू समोरच्या टीममध्ये आहे. ते मान हलवत एवढंच पुटपुटले, "रे क्रॉक." अमेरिकेत, सॅन डिएगोत, इतकी वर्षं काढल्यावर मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते.

रे क्रॉक म्हणजे मॅकडोनाल्ड्स जगभर पसरवणारा माणूस. 1974 च्या सुरुवातीला त्याने सॅन डिएगो पॅड्रेस ही बेसबॉल टीम 1 कोटी 20 लाख डॉलरला विकत घेतली. टीम 1969 सालची, तेव्हापासून हरतच आलेली. आधीच्या मालकाचे आर्थिक व्यवहार गाळात गेलेले, त्याची बँक बुडालेली, आणि टीम वॉशिंग्टनला हलणार हे इतकं पक्कं मानलं गेलं होतं की त्या वर्षीच्या खेळाडूंच्या काही फोटो-कार्डांवर वॉशिंग्टनचं नाव छापूनसुद्धा झालं होतं. जरा विचार करा. आपण पुढच्या महिन्यात कुठल्या गावात असणार, पोरांची शाळा कुठे असणार, हे त्या खेळाडूंना सगळा हिवाळाभर माहीत नव्हतं.

सीझन सुरू झाला. लॉस एंजेलिसला डॉजर्सशी तीन मॅच, तिन्ही हरल्या. मग 9 एप्रिल 1974, नव्या मालकाची घरच्या मैदानावरची पहिली मॅच, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसशी. 39 हजार प्रेक्षक. ती मॅचही हातातून चालली होती. आठव्या इनिंगमध्ये क्रॉकने स्टेडियमचा माईक घेतला. सांगितलं की एक चांगली बातमी आहे, डॉजर्सकडे पहिल्या मॅचला जेवढे लोक आले त्यापेक्षा आपल्याकडे जास्त आलेत. आणि वाईट बातमी ही, की इतका मूर्ख खेळ मी आयुष्यात पाहिलेला नाही. तेवढ्यात एक उघडानागडा माणूस मैदानात पळत सुटला, तर क्रॉक त्याच माईकवरून ओरडला, पकडा त्याला, तुरुंगात टाका. टीम 9-5 ने हरली.

इथे लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. बारबेक्यूला, ऑफिसात, टॅक्सीत. मीही ऐकताना दोन-तीनदा हसले असेन. आज नाही हसू आलं.

त्या भाषणात क्रॉकचं आणखी एक वाक्य होतं. प्रेक्षकांना उद्देशून तो म्हणाला की मीही तुमच्याबरोबर हे भोगतोय. नीट वाचा. तुमच्याबरोबर, म्हणजे स्टँडमध्ये बसलेल्यांबरोबर. खाली मैदानात जी माणसं उभी होती, ज्यांच्याबद्दल तो बोलत होता, त्यांच्याशी तो बोलतच नव्हता. त्यांच्या डोक्यावरून बोलत होता. आमच्या मालकांनीही तेच केलं होतं. अण्णांशी बोलायचं असतं तर अण्णा सकाळ-संध्याकाळ तिथेच होते की. पण ते आमच्याशी बोलले. बायकोशी, पोरीशी. बापाची लाज वाटायला लावायला. मला ती दोन दिवस वाटली, आणि ते मी मालकांना कधी माफ करणार नाही.

विली मॅकोवी तेव्हा पॅड्रेसमध्ये होता. मोठा खेळाडू, सगळी हयात या खेळात घालवलेला. त्याने सरळ सांगितलं की मूर्ख म्हणवून घ्यायला कुणालाच आवडत नाही, आम्ही आमच्या परीने करतोय ते करतोय. खेळाडूंची संघटना मध्ये पडली आणि क्रॉकला माफी मागावी लागली. संघटना होती म्हणून. अण्णांच्या कारखान्यात कोण पडणार होतं मध्ये?

मान्य, क्रॉक नसता तर पॅड्रेस या गावात राहिलेच नसते. मान्य, टीम खरोखर वाईट होती, त्या वर्षी 102 मॅच हरली. आणि हो, प्रेक्षकांनी त्या रात्री टाळ्या वाजवल्या, तिकिटाचे पैसे त्यांनीही दिले होते. पण पैसे दिले म्हणून माणसाला बैल म्हणायचा हक्क मिळतो असं तुमच्यापैकी कुणालाही वाटत नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागली ती एक वेगळीच गोष्ट. अ‍ॅस्ट्रोसचा डग रेडर, म्हणजे समोरच्या टीमचा खेळाडू, पॅड्रेसची बाजू घ्यायला पुढे आला आणि म्हणाला की या माणसाला काय वाटतं, आपण हॉटेलात झटपट ऑर्डरी बनवणाऱ्या आचाऱ्यांशी बोलतोय? बाजू घेतली, आणि घेता घेता आचाऱ्यांना खाली ढकललं. म्हणजे त्यांच्याशी असं बोललेलं चालतं! सॅन डिएगोचे आचारी चिडले, आणि बरोबरच चिडले. दिवसभर तव्यासमोर उभं राहून बघा एकदा. मग पुढे अ‍ॅस्ट्रोस परत खेळायला आले तेव्हा आचाऱ्यांसाठी खास रात्र ठेवली, आणि रेडर स्वतः आचाऱ्याची उंच टोपी आणि एप्रन घालून मैदानात आला. त्या माणसाबद्दल मला त्यामुळे आदर वाटतो. ज्यांना दुखावलं त्यांचेच कपडे अंगावर चढवून, सगळ्यांसमोर, जिथे बोलला त्याच खेळात.

न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमचा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर तर या बाबतीत क्रॉकच्या पुढचा. 1981 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची शेवटची लढत, टीम हरली तर त्याने न्यूयॉर्कच्या लोकांची जाहीर माफी मागितली, टीमच्या खेळाबद्दल. ही कसली माफी? दुसऱ्याचं डोकं धरून वाकवायचं आणि म्हणायचं, आम्ही वाकलो. डेव्ह विनफिल्डसारख्या खेळाडूची पत्रकारांसमोर 'मिस्टर मे' म्हणून टर उडवली, म्हणजे मे महिन्यात खेळतो, खऱ्या वेळी नाही. आणि 1985 मध्ये योगी बेरा मॅनेजर असताना आधी सांगितलं की पूर्ण सीझन तूच, आणि 16 मॅचनंतर काढून टाकलं. तेही समोर जाऊन नाही, दुसऱ्या माणसाच्या हाती निरोप पाठवून. नावं ठेवायला अख्खं शहर समोर लागतं आणि नोकरीवरून काढताना स्वतःचं तोंड दाखवत नाही, ही कुठली रीत झाली?

बेरा 14 वर्षं यांकी स्टेडियममध्ये पाऊल टाकायला गेला नाही. ज्या मैदानावर उभा जन्म घालवला, त्या मैदानावर. शेवटी 1999 च्या जानेवारीत स्टाइनब्रेनर स्वतः न्यू जर्सीला, बेराच्या नावाच्या संग्रहालयात गेला आणि माफी मागितली. चौदा वर्षांनी का होईना, गेला. हे लिहिताना माझा राग थोडा उतरतोय, खोटं कशाला बोलू.

कारण आमचे मालकही आले होते. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले, खाटेवर बसले. म्हणाले, पोरगी हुशार आहे, तुमच्यावर गेली. अण्णांनी त्यांना चहा दिला. जाताना दारात ते हळू आवाजात काहीतरी म्हणाले आणि अण्णांनी मान हलवली. आई म्हणते ती माफीच होती. असेल. पण अपमान लाऊडस्पीकरवर आणि माफी दारात, चपला घालता घालता? ज्या लोकांनी हसू ऐकवलं त्यांना ती माफी कुणी ऐकवायची?

परत चिडले बघा.

2024 च्या मे महिन्यात, आयपीएलमध्ये हैदराबादला लखनौची टीम हरली तेव्हा आपल्या ग्रुपवर केवढा वाद झाला होता आठवतोय? 165 केलेले, समोरच्यांनी दहा षटकांच्या आत, एकही गडी न गमावता काढले. आणि मालक संजीव गोयंका बाउंड्रीपाशी कॅमेऱ्यांसमोर के. एल. राहुलशी बोलत होते. आवाज कुणाला ऐकू आला नाही, हातवारे मात्र देशाने पाहिले. तेव्हा आपल्यातल्या एकाने लिहिलं होतं, एवढे कोटी घेतो तर ऐकून घ्यायला काय होतं. मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आज देते. जे बोलायचं ते ड्रेसिंग रूममध्ये, दार लावून, हवं तितका वेळ बोला. हरल्याचं दुःख त्या माणसाला तुमच्याइतकंच आहे, आणि त्याला तर उद्या परत त्याच मैदानावर उभं राहायचंय. अण्णांना बारा तासांनी परत त्याच मागापाशी उभं राहायचं होतं. राहिले. एक खाडा केला नाही.

आणि माल का परत आला होता ते सांगायचं राहिलंच. सूत कच्चं होतं. त्या खेपेला मालकांनी स्वस्तातलं सूत घेतलं होतं, सायझिंगही, म्हणजे सुताला खळ देणंही, धड नव्हतं, मागावर चढलं की तटातट तुटायचं. अण्णांनी महिनाभर आधी हे सांगितलं होतं. त्यांची सवयच ती. माग बंद पडला की कामगाराला शिव्या देणारे जॉबर पुष्कळ होते, अण्णा आधी खाली वाकायचे आणि विचारायचे, दोरा कुठं तुटतोय? धोट्यापाशी, फणीपाशी, की बीमपाशी? त्या दिवशी माईक अण्णांच्या हातात असता तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. नव्हता.

आज मी काय केलं विचाराल. मी त्या गृहस्थांकडे गेले. म्हटलं, तुम्ही माफी मागायची तर याच माईकवर मागा. ते म्हणाले, एवढं मनावर नका घेऊ, मी गंमत केली. कोच मध्ये आले आणि मॅच पुढे सुरू झाली. माफी मागितली गेली नाही. पुढच्या शनिवारी मी परत विचारणार आहे, आणि त्या पोरांचे आणखी आईबाप माझ्याबरोबर असतील, दोघांनी तसं सांगितलंय.

लेक गाडीत काही बोलला नाही. घरी आल्यावर अंगणात एकटाच चेंडू वर फेकून झेलत होता, अर्धा तास. मग मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रविवारची सकाळ, ते चहा घेत होते. लेकाच्या हातात फोन दिला आणि मी आत आमटीला फोडणी घालायला गेले. बेसबॉलमधलं अण्णांना काही कळत नाही. स्वयंपाकघरात मला ऐकू येत होतं.

"कॅच सुटला आजोबा."

"सुटू दे. ऊन कुठल्या बाजूनं होतं?"

लेक जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "समोरून. डोळ्यांत."

"मग टोपी?"

"टोपी मागे फिरवलेली होती."

"हां," अण्णा म्हणाले, "तिथं तुटतोय बघ दोरा."