पॅरासिटामॉलचं तेवढं बदला

तुमच्या लेखात हँगओव्हरवर लिंबूपाणी, कडक कॉफी आणि पॅरासिटामॉल सुचवलंय. लिंबूपाणी ठीक, मीठ-साखर घालून तर उत्तमच. पण रात्रभर ढोसल्यावर पॅरासिटामॉल? दारू आणि ती गोळी, दोन्ही निस्तरायचं काम यकृताकडेच. रोज पिणाऱ्याला तर फारच महागात पडू शकतं. आयबुप्रोफेन ही दुसरी वेदनाशामक गोळीही आधीच चिडलेल्या पोटाला सोसत नाही. कॉफीने झोप उडते, दारू उतरत नाही. ४२.८ टक्के अल्कोहोलवाल्या दारूच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. तेवढं जिरवायला शरीराला तासभर तरी हवा. आता चार-पाच पेगांचा हिशेब तुम्हीच करा. आणि सकाळी ‘उतारा’ म्हणून परत एक घेणारे महाभाग त्रास फक्त दुपारवर ढकलतात. त्यापेक्षा मऊ भात, ताक आणि झोप. आदल्या रात्री नुसत्या चकण्यावर न भागवता नीट जेवलं असेल तर आणखी बरं.