आधी चाकाचे नट मोज

गेल्या आठवड्यात भाच्याने मिशिगनहून एक रील पाठवली: 'अस्सल अमेरिकन मसल कार कशी ओळखाल'. तिच्याखाली १९६६ च्या एका लाल फोर्ड मस्टँगचे चार फोटो आणि मेसेज, "मामा, मालक ३८ हजार डॉलर म्हणतोय, शनिवारी टोकन देतोय." तीच रील संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर आली, रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आली, सकाळी आमच्या गॅरेजवाल्यानेही पाठवली. तिथे माझा संयम संपला.

रीलवाल्याचा पहिला दावा असा की दोन दारांची कुठलीही जुनी अमेरिकन गाडी म्हणजे मसल कार, आणि सगळ्यात पहिली मसल कार म्हणजे १९६४ ची मस्टँग. आमच्या पोराचे पैसे बुडायला निघाले होते ते नेमके या वाक्यामुळे, म्हणून याचाच समाचार आधी.

मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. त्या किमतीत बॉनेटखाली काय मिळायचं? १७० क्युबिक इंचांचं, म्हणजे २.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, १०१ हॉर्सपॉवर. खालचा बराचसा सांगाडा फाल्कनचा, म्हणजे फोर्डच्याच काटकसरी घरगुती गाडीचा. देखणी होती, परवडत होती, लोकांनी डोक्यावर घेतली, सगळं कबूल. पण अमेरिकेत या जातीला पोनी कार म्हणतात, आणि ते नाव पडलंच मुळी मस्टँगवरून.

मसल कारचा हिशेब वेगळा. गाडी मध्यम आकाराची घ्यायची, तिच्यात कंपनीच्या मोठ्या गाडीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन घालायचं आणि किंमत तरुण पोरांना झेपेल अशी ठेवायची. १९६४ मॉडेलच्या पाँटियाक जीटीओने हे गणित बसवलं. पाँटियाक हा जनरल मोटर्सचाच एक ब्रँड. तेव्हा जनरल मोटर्सचा दंडक होता की मध्यम गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पण पाँटियाकच्या ३२६ आणि ३८९ क्युबिक इंचांच्या इंजिनांची बाहेरची मापं सारखीच होती, एकाच्या जागी दुसरं आरामात बसायचं. पाँटियाकचा मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्याच्या माणसांनी ३८९ उचललं, टेम्पेस्ट या पाँटियाकच्या मध्यम गाडीत बसवलं आणि नवीन मॉडेल न म्हणता ऑप्शनच्या यादीत सरकवलं, कारण नव्या मॉडेलला वरून मंजुरी लागली असती. सुमारे २९६ डॉलर जादा मोजले की ३२५ हॉर्सपॉवर. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. नाव सरळ फेरारीचं उचललं, तो निर्लज्जपणा वेगळाच!

पहिली कोणती यावर भांडायचंच असेल तर १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ चं नाव घ्या, १९५७ च्या रॅम्बलर रेबेलचं घ्या, ऐकून घेईन. आणि १९६८ ची ४२८ कोब्रा जेट इंजिनाची मस्टँग कुणी मसलमध्ये धरली तर मी हुज्जत घालणार नाही. तिच्यात खरोखर दम होता. पण तो दम इंजिनाचा, मस्टँग या नावाचा नाही.

आता भाच्याची गाडी. पुढच्या फेंडरवर जीटीचा, म्हणजे मस्टँगच्या दमदार पॅकेजचा, चकचकीत बिल्ला. मी फोटो मोठा करून चाक पाहिलं. चार नट. त्या काळच्या व्ही-८ मस्टँगच्या चाकाला पाच नट असतात, सहा सिलिंडरवालीच्या चाकाला चार. मग त्याला ड्रायव्हरच्या दाराच्या कडेवरच्या पट्टीचा फोटो काढायला लावला. नंबराची सुरुवात ६-एफ-०-७-टी. सहा म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छताची, आणि टी म्हणजे २०० क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, १२० हॉर्सपॉवर. जीटी पॅकेज फोर्ड फक्त चार बॅरलच्या, म्हणजे हवा-पेट्रोल ओढणाऱ्या चार तोंडांच्या, कार्ब्युरेटरवाल्या २८९ व्ही-८ बरोबर देत असे. मग टीच्या जागी ए किंवा के हे अक्षर हवं. टी असेल तर तो बिल्ला नंतर कुणीतरी चिकटवलाय. हा नंबर कारखान्याने दिलाय, रीलवाल्याने नाही. त्यापुढे वाद संपतो.

रीलमधले बाकीचे दावे भराभर. '४४२ म्हणजे ४४२ क्युबिक इंचांचं इंजिन' हे ऐकून तर मी फोन बाजूला ठेवला. ओल्ड्समोबिलने १९६४ साली ४-४-२ काढली तेव्हा अर्थ होता चार बॅरलचा कार्ब्युरेटर, चार गिअर, दोन एक्झॉस्ट. इंजिन होतं ३३० क्युबिक इंचांचं.

'१९७२ साली सरकारी आदेशाने ताकद रातोरात निम्मी झाली.' अहो, मोजपट्टी बदलली. आधी इंजिन उघडंबोडकं बेंचवर चढवून मोजायचे, ना एअर फिल्टर, ना गाडीचा सायलेन्सर. मग गाडीत असतं तसं, सगळ्या लटांबरासकट मोजायला लागले. शेव्हरलेच्या ४५४ क्युबिक इंचांच्या इंजिनाचे १९७१ चे हॉर्सपॉवरचे आकडे बघा: जुन्या पद्धतीने ३६५, नव्या पद्धतीने २८५. इंजिन तेच, वर्षही तेच. थोडं खरं आहे, नाही असं नाही. त्याच वर्षी जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरवलं, मग धुराचे नियम आणखी कडक झाले, विम्याचे हप्ते आधीच कडाडले होते, आणि १९७३ च्या तेलबंदीने उरलंसुरलं संपवलं. पण रातोरात काही झालं नाही.

'वळणावर बेभरवशाची' हे मान्य. नाक जड, आणि बऱ्याच जणींना चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि शेवटी 'कॉन्टेसा ही भारताची मसल कार'. तिचं मूळ व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीचं आणि व्हॉक्सहॉल तेव्हा जनरल मोटर्सची, एवढं नातं जोडा हवं तर. सुरुवातीच्या कॉन्टेसात इंजिन होतं दीड लिटरचं, हॉर्सपॉवर ५० च्या आसपास.

शनिवारी भाचा गेला, चारही चाकांचे नट मोजून आला आणि टोकन न देता परतला. मालक म्हणे शेवटपर्यंत सांगत होता, गाडी एकदम ओरिजिनल आहे. तसं बिल्ला सोडला तर माणूस खोटं बोलत नव्हता.