चालत बाहेर आला म्हणजे बरा?

पक्या सकाळच्या मॅचला शॉर्ट लेगला उभा होता. सीझन बॉल, हेल्मेट नाही. संध्याकाळी वर्तकनगरच्या कट्ट्यावर आला तेव्हा उजव्या कानशिलावर चांगलंच टेंगूळ होतं आणि त्यावर थंड पाण्याची बाटली धरलेली. वर साहेबांचं म्हणणं काय, तर "काही नाही रे, चालत घरी गेलो, पोहे खाल्ले, झोप काढली."

'झोप काढली' ऐकल्यावर मंजिरीने कटिंगचा ग्लास खाली ठेवला. ती नर्स आहे, कॅज्युअल्टीत ड्यूटी असते.

"किती वेळ झोपलास? उठवलं कुणी, की आपणहून उठलास?"

"ए बाई, कुंबळे जबडा मोडून बोलिंग टाकतो. मला साधं टेंगूळ आलंय."

इथून पेटलं. संदीप फिजिओ, पेशंटला प्रत्येक आजार क्रिकेटमधूनच सांगायची त्याला सवय. तो म्हणाला, "कुंबळेचं उदाहरण घेतोस ना, मग पूर्ण घे. 2002, अँटिग्वा. बॉल जबड्याला लागला, हाड मोडलं. डोक्याला पट्टी बांधून पठ्ठ्याने 14 ओव्हर टाकल्या, लाराला काढलं. पण मोडला तो जबडा. तुझं टेंगूळ कुठेय बघ. तुझ्यासाठी कुंबळे नाही, रमण लांबा."

पक्याला लांबा माहीत नव्हता. नानांना होता. "ढाक्याला गेला ना तो? 1998 साली?"

तोच, भारताकडून खेळलेला. क्लबची मॅच, लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला. ओव्हरचे दोन-तीन बॉल उरलेत, कशाला हेल्मेट मागवायचं, म्हणून तसाच उभा राहिला. मेहराब हुसेनचा फटका डोक्याला लागला. लांबा उठला आणि आपल्या पायांनी ड्रेसिंग रूमकडे गेला. मग तब्येत ढासळत गेली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तीन दिवसांत माणूस गेला. वय 38.

"आपल्या पायांनी," संदीपने पुन्हा सांगितलं. पक्याने बाटली खाली घेतली.

मग मंजिरीने पक्याच्याच कानशिलावर बोट ठेवून दाखवलं. इथलं हाड पातळ. त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते आणि कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचायला लागतं. सुरुवातीला माणूस बोलतो, चालतो, पोहेही खातो. पण कवटी म्हणजे बंद डबा, रक्ताला जागा हवी तर ती मेंदूला दाबूनच मिळणार. काही तासांनी डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते. "आणि झोपलेल्या माणसाचं यातलं काहीही घरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, दमलाय बिचारा."

मला विचाराल तर या सगळ्यात पेपरवाल्यांचाही हात आहे. मथळ्यात कायम जिगर. पट्टी बांधलेला कुंबळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, लांबा पक्याच्या कानावरही आलेला नाही. 2019 ला लॉर्ड्सवर आर्चरचा बाउन्सर स्मिथच्या मानेला लागला तेव्हाही तेच झालं. 80 वर असताना बाहेर गेला, तपासणीत पास होऊन परत आला, 92 केले, टाळ्या पडल्या. दुसऱ्या सकाळी त्याला कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचा, त्रास सुरू झाला आणि बदली म्हणून लाबुशेन आला. कन्कशनचा बदली खेळाडू कसोटीत पहिल्यांदा आला तो असा. म्हणजे पहिली तपासणी नीट झाली तरी नंतर नजर ठेवावीच लागते.

"आणि आपला श्रेयस अय्यर?" संदीप आता थांबणार नव्हता. ऑक्टोबर 2025, सिडनी. कॅरीचा कॅच घेताना डाव्या कुशीवर आदळला. आधी सगळे बरगडीबद्दल बोलत होते. निघाली प्लीहा फाटलेली, पोटात रक्तस्राव. संदीपने माझ्या डाव्या बरगड्यांच्या शेवटाला अंगठा रुतवला. "ही इथे, बरगड्यांच्या आड. आत नुसतं रक्त. मलेरियात सुजते, मग कमी माराने पण फाटू शकते. ठाण्यातल्या पावसाळ्यात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना हे मी श्रेयसचं नाव घेऊनच सांगतो. 'प्लीहा' म्हटलं तर कोण ऐकणार?"

मला वाटलं, जिंकला गडी. पण मंजिरीला हे सगळंच पटत नव्हतं.

"तुझ्या उदाहरणांनी माझ्या आईचं डोकं फिरवलंय. तिला टेनिस एल्बो. पोळ्या लाटायच्या, धुणं पिळायचं, सांडशीने कढई उचलायची, सगळ्या कामांना मनगटाची पकड लागते. त्या पकडीच्या वेळी जे स्नायू ताणले जातात, त्यांचं टोक कोपराच्या बाहेरच्या बाजूला. दुखतं कोपर, पण ताण येतो पकडीचा. हे तिला सचिनमुळे दोन मिनिटांत कळलं, मान्य. पण सचिनचं 2005 मध्ये लंडनला ऑपरेशन झालं हेही तिने लक्षात ठेवलंय. आता व्यायाम करत नाही. म्हणते, शेवटी कापावंच लागणार. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं, हे तिच्या गळी कसं उतरवू? ज्यांचं साधेपणाने बरं झालं, त्यांची बातमी कुठे येते?"

संदीप काहीतरी पुटपुटला. मला तिचं बरोबर वाटलं. दुखापत कशी झाली ते खेळाडूवरून छान कळतं. उपचार काय आणि किती दिवस, ते त्याच्यावरून ठरवायला गेलं की घोळ. त्याच्या दिमतीला माणसं असतात, हिच्या आईला भांडी घासायची असतात.

पक्याने मधेच विचारलं, "डोकं जरा जास्त दुखतंय, हे त्यातच येतं का?"

पुढचा वाद रिक्षा थांबवताना झाला. संदीप त्याच्याबरोबर बसला. जाता जाता पक्याने खिशातली पेनकिलर काढली, ती मंजिरीने काढून घेतली.

नाना आपले बसून होते. म्हणाले, "मीही मोरीत आपटलो होतो. शिमग्याच्या आसपास. भिंतीला डोकं लागलं, पण रक्तबिक्त काही नाही."

शिमगा होऊन दोन महिने होत आले होते. मंजिरी त्यांच्या शेजारी येऊन बसली. "नाना, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना तुमची?"

"स्टेंट टाकल्यापासून."

"आणि हल्ली रमीत पानं विसरता, असं काका परवा म्हणत होते."

वय झालं की मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्यावरच्या शिरा ताणल्या जातात. बारीकशा धक्क्याने एखादी फाटते आणि रक्त आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं, त्यात ही गोळी. घरचे म्हणतात, वयामुळे विसरतात. असं तिने सावकाश समजावलं.

"याला कुठला खेळाडू?" नानांनी विचारलं. "आमच्या वयाचा शॉर्ट लेगला कोण उभा करणार?"

मंजिरी फोनवर तिच्या हॉस्पिटलच्या सीटी स्कॅन विभागाशी बोलत होती. हात वर करून तिने नानांना थांबवलं आणि विचारलं, "डावी चप्पल पायातून निसटते का हल्ली?"

"ती जुनी झालीय," नाना म्हणाले.

"उजवी त्याच दिवशी घेतली होती ना?"